उंबऱ्यातले वर्गणीदार

माझ्या नणंदेला त्यांच्या ऑफिसात सगळे ‘मुदतवाढ’ म्हणतात. तोंडावर ताई, पाठ वळली की मुदतवाढ. त्यांना हे ठाऊक आहे. “नावं ठेवायला माणसं फुकट मिळतात, आणखी काय हवं,” म्हणतात आणि सोडून देतात.

ताई माझ्या नवऱ्याहून सहा वर्षांनी मोठ्या, म्हणजे आता बावन्नच्या. आमच्याबरोबरच राहतात. लग्न केलं नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर सांगतात, “मुदत होती, नूतनीकरण केलं नाही.” आणि विचारणाऱ्याला चहा देतात.

कोड्यांचं एक साप्ताहिक आहे, तिथे त्या कामाला आहेत. आकड्यांची कोडी, तर्काची कोडी, काड्या हलवायची कोडी. ते छापून निघायचं तेव्हा ताई वेष्टनांवर पत्ते चिकटवायच्या. एकोणीस वर्षं चिकटवले. मग कागद बंद झाला. आता अंक दर गुरुवारी सकाळी सहा वाजता फोनवर नाहीतर कॉम्प्युटरवर उघडतो, आणि त्याला डिंक लागत नाही. बरोबरीचे बरेच जण दुसरीकडे गेले. ताई राहिल्या, कारण हजारेक वाचकांचे पत्ते त्यांना तोंडपाठ होते आणि त्यातलं कोण दरवर्षी वर्गणी भरायला विसरतं हेही. त्यांना संपलेल्या वर्गण्यांचं टेबल मिळालं.

आठवड्यातले तीन दिवस त्या घरूनच काम करतात, आमच्या जेवणाच्या टेबलावर. मी शेजारी भाजी निवडत असते. हात भाजीत आणि कान फोनवर, म्हणून त्यांचं खातं मला आता जवळजवळ चालवता येईल.

वर्गणी वर्षाची असते. ती संपली की अंक लगेच बंद करत नाहीत. आणखी एकवीस दिवस तो पूर्वीसारखाच उघडतो, ही सवलतीची मुदत. तेवढ्यात पैसे भरले तर मधे काही घडलंच नाही असं समजायचं. नाही भरले तर बाविसाव्या दिवशी कुलूप. ऑफिसच्या यादीत या लोकांना ‘थकबाकीदार’ असा शब्द आहे. ताई तो उच्चारत नाहीत. त्या म्हणतात ‘उंबऱ्यातले’.

“ज्याने आज सकाळी सहा वाजून चार मिनिटांनी अंक उघडला, तो गेला कुठे?” त्यांनी मला एकदा समजावलं होतं. “तो उंबऱ्यात उभा आहे, खिसे चाचपत. त्याच्या तोंडावर दार लावायचं?”

उंबऱ्यातले तीन जातीचे. निम्म्याहून जास्त लोकांच्या कार्डाची मुदत संपलेली असते. बँकेने नवं कार्ड पाठवलेलं असतं, पण साप्ताहिकाकडे नंबर जुनाच, त्यामुळे पैसे आपोआप कापले जात नाहीत, आणि त्या बिचाऱ्याला आपली वर्गणी संपली याचा पत्ताच नसतो. दुसरे ‘उद्या भरतो’वाले. तिसरे खरोखर सोडून गेलेले, आणि ते सगळ्यांत थोडे. कोण कुठला हे ताई अंक शेवटचा कधी उघडला त्यावरून ओळखतात आणि मग फोन लावतात.

“नमस्कार, मी कोड्यांच्या साप्ताहिकातून बोलतेय.”

पलीकडे एक वायरमन होते. ताई फोन टेबलावर ठेवून बोलतात, त्यामुळे मलाही ऐकू येतं. “बाई, मी ओटीपी सांगणार नाही,” ते म्हणाले.

“सांगूच नका. सांगितलात तर मी रागवेन. तुमचं कार्ड गेल्या महिन्यात संपलं. नवं आलं असेल बघा, कुठेतरी पाकिटातच पडलं असेल.”

खण उघडल्याचा, मिटल्याचा आवाज. मग, “फ्रिजवर आहे.”

“राहू दे फ्रिजवर. सवडीने अंकात जा आणि नंबर तुमचा तुम्हीच घाला. पाच तारखेपर्यंत वेळ आहे. काडेपेटीचं कोडं सुटलं का?”

“एक काडी उरतेय.”

“सगळ्यांचीच उरतेय,” ताई म्हणाल्या, आणि फोन ठेवून वहीत टीक केली. त्या दिवशी संध्याकाळी वायरमनचे पैसे आले.

असं चाललेलं असताना गेल्या वर्षी नवे साहेब आले. पस्तिशीचे, हसतमुख, बोलायला गोड. प्रत्येक वाक्यात एक टक्का असायचा, म्हणून माझ्या नवऱ्याने त्यांचं नाव टक्केवारी ठेवलं. साहेबांचं म्हणणं असं, की एकवीस दिवस म्हणजे तीन अंक फुकट. एवढी मुदत कुणी देत नाही. सात दिवस पुरेत. आणि बाईमाणसाने एकेकाला फोन करत बसायचं हे दिवस गेले. पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी मेल आपोआप जाईल. तीन महिने करून बघू. परत येणाऱ्यांचं प्रमाण टिकलं तर फोनचं टेबल बंद. ताईंना जाहिरात विभागात कुठे घेता येतं का ते बघू.

ताईंनी हे जेवताना सांगितलं, भाजी कशी झालीय हे सांगावं तशा आवाजात. ‘बघू’ हा शब्द मला सहन होत नाही. डॉक्टर ‘बघू’ म्हणाले की मी रडायच्या बेतात येते.

“म्हणजे काढणार,” मी म्हटलं.

“काढणार असं कुठे म्हणाले? बघू म्हणाले.”

“तेच ते. ताई, बावन्नाव्या वर्षी कोण नवीन काम देतंय? आणि माझ्या लेकीच्या वसतिगृहाचे अर्धे पैसे तुम्ही भरता. तिचं अजून दीड वर्ष आहे.”

“बरं झालं सांगितलंस, मी विसरलेच होते,” ताई म्हणाल्या. “अरे, तुझ्या बायकोला आणखी एक पोळी वाढ, नाहीतर ती दीड वर्षाचा हिशोब आत्ताच मांडेल.”

नवरा हसला. या घरात एकटी मीच जबाबदार आहे असं मला कधीकधी वाटतं.

पहिल्या महिन्यात मेल गेले आणि शंभरातले तीस-एकतीस परत आले. ताईंच्या फोनवर साठाच्या वर यायचे. दुसऱ्या महिन्यातही तेच. मला मनातून बरं वाटायला लागलं, आणि कुणाच्या तरी अपयशावर आपण खूश होतोय म्हणून लाजही वाटली. पण साहेब हार मानणारे नव्हते. तिसऱ्या महिन्यात त्यांनी ताईंना सांगितलं, “ताई, चूक मुदतीची नाही, मेलची आहे. मेल कंटाळवाणे आहेत. आपले वाचक कोडीवाले. त्यांना त्यांच्या भाषेत आठवण करून द्यायला हवी.”

आणि त्यांनी स्वतः बसून एक मेल लिहिला. पाठवण्याआधी ताईंकडे तपासायला आला, तेव्हा त्यांनी मला वाचून दाखवला.

‘एका माणसाच्या घरात सात दिवे आहेत. रोज रात्री एक दिवा विझतो. माणूस काहीच करत नाही. आठव्या रात्री त्याच्या घरात किती दिवे असतील?’

खाली एक हिरवं बटण, त्यावर ‘दिवा लावा’ असं लिहिलेलं. ते दाबलं की थेट पैसे भरायचं पान.

“छान लिहिलंय हो,” ताई मनापासून म्हणाल्या. “शून्य.”

“काय शून्य?”

“उत्तर. शून्य दिवे.” मग एक काना-मात्रेची चूक दुरुस्त केली आणि मेल परत पाठवला. त्या रात्री मला झोप लागली नाही. मेल खरंच छान होता.

त्या महिन्यात एकाच तारखेला चारशे अठरा लोकांची वर्गणी संपली होती. मेल गेला. दुसऱ्याच दिवशी साहेबांचा फोन, आवाजात दिवाणखाना भरेल एवढा आनंद. “ताई, पासष्ट टक्के लोकांनी उत्तर पाठवलं. पासष्ट. अशी प्रतिक्रिया कधी कुणाला मिळाली नसेल.”

“आणि पैसे?” ताईंनी विचारलं.

“येतील की. कालच तर मेल गेलाय.”

ताईंनी अभिनंदन केलं. फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “जाहिरातीत काय काम असतं गं?”

त्यानंतरचा आठवडा मी कसा काढला ते माझं मलाच माहीत. लेकीचा फोन आला की मी विचारायची, जेवलीस का, आणि ती विचारायची, आत्याचं काय झालं. दोघी एकमेकींना ‘सगळं ठीक’ सांगायचो.

आठव्या दिवशी मुदत संपली आणि आपोआप कुलपं पडली. तो गुरुवार होता. सहा वाजता नवा अंक निघाला, आणि सव्वासहाला ताईंचा लॅपटॉप टिंगटिंग करायला लागला. मी चहाचं आधण ठेवून बाहेर आले तर ताई पदराने चष्मा पुसत होत्या. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या.

“वाच,” म्हणाल्या.

मी वाचलं. ‘माझं उत्तर बरोबर असूनही अंक उघडत नाही, हे काय?’ दुसरा, ‘शून्य हे उत्तर मी पहिल्या दिवशीच कळवलं होतं. बक्षीस राहू द्या, निदान अंक तरी बंद करू नका.’ एका निवृत्त शिक्षिकेने पायऱ्यापायऱ्यांनी सिद्धता जोडली होती. एका शिंप्याने लिहिलं होतं, की दिवे शून्य नव्हेत, सातच; विझलेला दिवा फेकून दिला असं कोड्यात कुठेही म्हटलेलं नाही, तरी कृपया निकाल बदलावा.

दोनशे एकाहत्तर लोकांनी उत्तर पाठवलं होतं. पैसे भरणारे नऊ.

“पण खाली बटण होतं ना,” मी म्हटलं. “एवढं मोठं हिरवं.”

“तेच तर.” ताईंनी मागचा एक अंक उघडून माझ्यापुढे केला. प्रत्येक कोड्याखाली तसंच हिरवं बटण, त्याच जागी. ते दाबलं की उत्तर दिसतं. “आपले लोक कोडं सोडवायच्या आधी हे बटण दाबत नाहीत. घराला आग लागली तरी दाबायचे नाहीत. ते दाबणं म्हणजे चोरी. त्यांनी प्रामाणिकपणे उत्तर काढलं, कळवलं आणि बटणाकडे बघितलंसुद्धा नाही.”

मला एकदम हलकं वाटलं. “मग आता सरळ साप्ताहिकाच्या मालकीणबाईंनाच कळवा. सोमवारी बैठक आहे ना? साहेबांच्या हुशारीने चारशे वाचक बाहेर पडले म्हणावं. तुमचं टेबल वाचलं.”

ताईंनी चष्मा लावला. “मेल कुणी तपासला होता?”

“तुम्ही. पण तुम्ही तर फक्त काना-मात्रा—”

“मी बटण दाबलं का? मी काय म्हणाले? शून्य म्हणाले. एकोणीस वर्षं पत्ते चिकटवले आणि अकरा वर्षं फोन केले, आणि मीही शून्यच म्हणाले. त्यांना येऊन वर्ष नाही झालं.”

“म्हणून काय त्यांना पाठीशी घालणार?”

“घालणार नाही. पण उंबऱ्यात तर उभं राहू देईन की नाही?”

चहा उकळून कडू झाला होता, तोच गाळला.

थोड्या वेळाने साहेब लॅपटॉपच्या पडद्यावर आले. केस विस्कटलेले, मागे घरातली भिंत. मी पडद्यात दिसणार नाही अशा बेताने खुर्ची सरकवली.

“ताई, हे काय झालं?”

“काही नाही, माणसं हुशार निघाली.” ताईंनी बटणाची गोष्ट दोन वाक्यांत सांगितली. साहेबांनी कपाळावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

“सोमवारी मालकीणबाईंना मी काय सांगू? पासष्ट टक्के सांगू का नऊ माणसं सांगू?”

“ते तुम्ही ठरवा. मला आज दोन गोष्टी हव्यात, आणि त्या तुमच्याच हातात आहेत. कुलपं काढा, चौदा दिवसांसाठी. आणि या दोनशे एकाहत्तर लोकांना मला एक साधा मेल पाठवू द्या. कुठलाही दिवा न लावता.”

“आणि बाकीचे? ज्यांनी उत्तरच दिलं नाही?”

“त्यांना मी फोन करते.”

साहेब म्हणाले, “ताई, फोनचे आकडे वाढले तर माझा सगळा प्रयोगच…” आणि थांबले. ताईंनी वाट पाहिली. वाट पाहणं त्यांना फार चांगलं येतं. शेवटी साहेब म्हणाले, “काढतो कुलपं.”

ताईंचा मेल मी पाठ केला आहे.

‘आपलं उत्तर मिळालं, ते बरोबर आहे. पण ते कोडं नव्हतं, आठवण होती. ती आम्ही नीट करून दिली नाही, माफ करा. आपली वर्गणी संपली आहे. पुढचे चौदा दिवस अंक पूर्वीसारखाच उघडेल. खालचं बटण दाबायला हरकत नाही, त्यात उत्तर नाही.’

शिंप्याला त्यांनी एक ओळ जास्त लिहिली : ‘दिव्यांबद्दल आपलं म्हणणं मला पटलं आहे, संपादकांकडे पाठवते.’

त्याच दुपारी पैसे यायला लागले. शुक्रवारी रात्रीपर्यंत दीडशेच्या वर. ताई उरलेल्यांना फोन करत होत्या, घसा बसला तेव्हा मी गरम पाणी आणून ठेवलं, आणि एका बाईंना तर ताई औषधाची गोळी चघळत असताना मीच सांगितलं, की हो, पाच मिनिटांत बोलतात, तुम्ही कार्ड शोधून ठेवा. बाई म्हणाल्या, “तुम्ही कोण?” मी म्हटलं, “वहिनी.” बाईंना ते पुरलं.

सोमवारी ताई बैठकीला ऑफिसात गेल्या. मी सकाळपासून चार वेळा कपाट आवरलं. बारा वाजले, दोन वाजले, फोन नाही. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, “अजून मुदत आहे, सात वाजेपर्यंत.” दोघं बहीणभाऊ अगदी एका माळेचे मणी.

ताई साडेसहाला आल्या. चपला काढल्या, पाय धुतले, पाणी प्यायल्या. मी काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं, ते पेला खाली ठेवेपर्यंत टिकलं.

“काय झालं?”

“साहेबांनीच सगळं सांगितलं. मी तोंड उघडायच्या आत. कोडं माझं होतं म्हणाले, बटण माझं होतं म्हणाले, चारशे नऊ माणसं मी बाहेर काढली आणि दोनशे तीस आतापर्यंत ताईंनी परत आणली.”

“आणि मालकीणबाई?”

“त्यांनी विचारलं, उत्तर शून्य का सात? त्यांनाही कळेना. अर्धा तास त्यातच गेला.”

“ताई, टेबलाचं काय?”

“टेबल आहे तिथेच आहे गं. फोनही. मेल साधे जातील, पहिल्या दिवशी एक आणि मधे एक. त्यानंतर मी.” मग जरा थांबून म्हणाल्या, “एकवीस दिवस मात्र गेले. सोळा झाले.”

“का? त्यांनी कमी केले?”

“मीच केले. सोळाव्या दिवसानंतर कुणी येत नाही. अकरा वर्षांच्या वह्या आहेत माझ्याकडे, एखाददुसरा सोडला तर कुणी नाही. साहेब म्हणाले, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत? मी म्हटलं, तुम्ही विचारलं नाहीत, तुम्ही ठरवून आला होतात. तर हसले.”

मी लगेच लेकीला फोन लावला. तिने उचलला नाही. पाच मिनिटांनी तिचाच फोन आला तोवर माझ्या मनात तीन अपघात होऊन गेले होते. ताईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि तिला म्हणाल्या, “जेवलीस का, आणि आईला सांग जेवलीस म्हणून.”

त्या शुक्रवारी साहेब आमच्या घरी आले. फोन कसे करायचे ते शिकायला, स्वतःहून. ताईंनी यादी त्यांच्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, “यातल्या या बाई. तीन आठवडे अंक उघडलेला नाही. बहुतेक गेलेल्या आहेत. पण एकदा विचारायचं, आणि नाही म्हणाल्या तर आभार मानून नाव काढायचं. पुन्हा त्रास द्यायचा नाही.”

साहेबांनी शर्टाची बाही नीट केली, घसा साफ केला, नंबर लावला. “नमस्कार, मी कोड्यांच्या साप्ताहिकातून—”

“थांबा हं, दूध आहे गॅसवर,” पलीकडून आवाज आला, आणि फोन कुठेतरी ठेवल्याचा ठक.

एक मिनिट गेलं. भांड्यांचे आवाज. कुणाला तरी ओरडून झाडू कुठे आहे ते सांगणं. दोन मिनिटं. साहेबांनी ताईंकडे पाहिलं आणि अंगठा लाल बटणाकडे नेला. ताईंनी मान हलवली.

“पण विसरल्या असतील,” साहेब हळूच म्हणाले.

“असतील.”

मी त्यांच्यापुढे चहा ठेवला. त्यांनी तो पूर्ण प्यायला. घड्याळात सात मिनिटं झाली तेव्हा पलीकडे पावलं वाजली, फोन उचलल्याची खरखर झाली, आणि बाई अगदी निवांत आवाजात म्हणाल्या, “हां, आता बोला. कोण म्हणालात?”